दापोलीचे संशोधन आणि आपली पांढरी पडलेली राने



गटऑफिसच्या ओट्यावर हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो. ‘ही कृषी विद्यापीठे करतात तरी काय, आणि संशोधनाच्या नावाने आमच्या टनामागे कपात कशाला?’ कपात होते ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसाठी, विद्यापीठासाठी नव्हे. पण प्रश्नामागचा राग एकच आहे आणि तो गैर नाही. ज्याचा पैसा त्याने हिशेब मागितलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की, संशोधनाचे माप कोणत्या काट्यावर करायचे? यासाठी मी मुद्दाम घाटाखालच्या विद्यापीठाचे उदाहरण घेतो. राहुरी-पाडेगावचे घेतले तर घरच्याच माणसाची तरफदारी केल्यासारखे होईल.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. अलीकडे विद्यापीठांची क्रमवारी लावतात, त्यात छापून आलेल्या निबंधांना मोठे वजन असते. निबंध लिहावेत, त्याला कोणाची ना नाही. पण वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून ‘वेंगुर्ला-४’ (१९८१) आणि ‘वेंगुर्ला-७’ (१९९७) या काजूच्या जाती निघाल्या आणि त्यांची कलमे डोंगरउतारांवर उभी राहिली, हे कोणत्या निबंधात मोजणार? वेंगुर्ला-७ ची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते. बियांपासून केलेल्या लागवडीत एका झाडाचा दुसऱ्याशी मेळ नसे, कलमात तो आला. त्यात १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कलमांना मागणी झाली. सरकारी योजना आणि संशोधन यांची गाठ वेळेवर पडली म्हणजे काय होते, ते पाहायचे असेल तर सिंधुदुर्गात जावे.

सगळेच काही यशस्वी झाले असे मात्र नाही. हापूसला साका होतो म्हणून नीलम आणि हापूसचा संकर करून ‘रत्ना’ काढली (१९८१). तिला साका नाही. मग रत्ना आणि हापूसच्या संकरातून ‘सिंधू’ आली (१९९२), जिची कोय पातळ, जवळजवळ नसल्यासारखीच. शास्त्र म्हणून काम अव्वल. पण बाजार हापूसच मागतो, आणि बागायतदारही हापूसलाच चिकटून राहिला. याला मी संशोधन वाया गेले असे म्हणणार नाही. आपला को ८६०३२ घ्या. त्याच्या नावातले ८६ म्हणजे १९८६ साल, आणि तो लागवडीसाठी प्रसारित झाला २००० साली. चौदा वर्षे! उसाला इतकी लागतात, मग आंब्याच्या झाडाला किती लागत असतील? दर पाच वर्षांनी हिशेब मागणाऱ्याला यात काहीच दिसायचे नाही.

आता आपल्या मतलबाची गोष्ट. पनवेलला या विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. उधाणाचे पाणी शिरून खारवलेल्या जमिनीसाठी तिथे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ ही भाताची वाणे तयार झाली. त्यांतल्या पहिल्या दोघांच्या वंशात ‘भुरा राता’ आहे. राता म्हणजे खारभूमीतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला तांबडा भात. शास्त्रज्ञांनी त्यातून निवड केली, दुसऱ्या वाणाशी संकर केला. म्हणजे विद्यापीठाच्या खात्यावर जमा दाखवतात त्यातले निम्मे भांडवल शेतकऱ्याचेच!

पण तिथला शेतकरी नुसत्या बियाण्यावर अवलंबून नाही. तो आधी बांध घालतो, बांधाला उघाडी ठेवतो. भरतीचे पाणी अडते, ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते. जून-जुलैचा धो धो पाऊस वरचे मीठ धुऊन नेतो आणि मग लावणी होते. बी शेवटी.

आपण नेमके उलटे करतो. रान पांढरे पडू लागले की विचारतो, ‘कोणता ऊस तग धरेल?’ पाडेगावचा फुले २६५ अशा जमिनीत त्यातल्या त्यात बरा येतो, हे खरे. पण आपले मीठ समुद्राचे नाही, पाटाचे आहे. काळ्या जमिनीला पाणी बेसुमार द्यायचे, निचरा नाही, खालची पाणीपातळी वर येते, पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार वर राहतात. ते धुऊन न्यायला कोकणासारखा पाऊसही आपल्याकडे नाही. तेव्हा सहन करणारा ऊस लावला तरी क्षार जागच्या जागी राहतात आणि दरसाल थोडे वाढतात. आज सोसणारा ऊस उद्या सोसणार नाही.

यावर उपाय निचऱ्याचा. चर काढणे किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकणे. चोपण असेल तर माती तपासून जिप्सम. हे काही नवीन शास्त्र नाही. अडचण वेगळी आहे. एकट्या सभासदाने चर काढला तर पाणी शेजाऱ्याच्या बांधावर जाते आणि भावकीत भांडण लागते. ओढ्यापर्यंत सामाईक चर लागतो, आणि तो सर्वांनी मिळूनच होतो. शिरोळच्या दत्त कारखान्याने सभासदांच्या क्षारपड जमिनीत असे काम हाती घेतले. आपला कारखाना सभासदांना बेणे देतो, खते देतो, मग हे का नाही? ऊसच उगवला नाही तर गाळायचे काय?

आपल्याकडे सभासदांची अभ्यास सहल निघते. गणपतीपुळ्याचे दर्शन होते, मासळी खाऊन होते, येताना हापूसची दोन कलमे गाडीत येतात. (ती आपल्या काळ्या रानात वाढतात झकास, फळ देताना मात्र हात आखडतात!) दर्शनाला माझी हरकत नाही, मासळीला तर मुळीच नाही. पण यंदा एक दिवस पनवेलच्या खारभूमीवर काढावा, तिथली उघाडी डोळ्यांनी पाहावी. आणि त्याआधी शेतकी खात्याने प्रत्येक गटातल्या पांढऱ्या पडलेल्या गट नंबरांची यादी करून सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी. सामाईक चर कुठून जाईल आणि कोणत्या ओढ्याला मिळेल याचा नकाशा यादीसोबतच हवा. ज्यांच्या बांधावरून तो जाणार आहे त्यांनी सभेला स्वतः यावे, मुलाला पाठवू नये.