ओटी भरून परत पाठवण्याआधी

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी एक वडील आमच्या समुपदेशन केंद्रात आले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. हातात कापडी पिशवी, पिशवीत लग्नाचा अल्बम आणि मुलीचा मोबाइल. तक्रारअर्ज कसा लिहायचा ते विचारायला आलो, म्हणाले. पण दोन तास त्यांनी एकच गोष्ट फिरून फिरून सांगितली. संक्रांतीला ती आली होती, आठ दिवस राहिली. निघताना एसटी स्टँडवर म्हणाली, "बाबा, अजून दोन दिवस राहू का?" आणि हे म्हणाले, "पाहुण्यांना बरं दिसणार नाही बाळा." उठता उठता त्यांनी विचारलं, "ताई, मीच मारलं का हो तिला?"

मी "नाही" म्हटलं, आणि ते खरंच होतं. पण त्या उत्तराचा अर्धा भाग मी गिळला. घरात नुकतं तेरावं झालेल्या माणसाला तो सांगायचा नसतो. ज्यांच्या लेकी-बहिणी अजून जिवंत आहेत त्यांना मात्र सांगायलाच हवा, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पहिला अर्धा. हात ज्याने उचलला, दोष त्याचा. दारूचा नाही, गेलेल्या नोकरीचा नाही, तिच्या उलट बोलण्याचाही नाही. साहेबाने चारचौघांत झापलं तरी या माणसाचा हात खिशातच राहतो, घरी आल्यावरच तो सुटतो. म्हणजे आवरता येतो, हे त्यालाही ठाऊक असतं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण आपल्याकडे बाई मेली की दोषाची वाटणी फार झटपट होते. आईने संस्कार दिले नाहीत, बापाने ऐपतीबाहेर लग्न केलं, तिने सहन का केलं, भावाने लक्ष का दिलं नाही. वीस जणांत दोष वाटला की मारणाऱ्याच्या वाट्याला मूठभरच उरतो, आणि त्याला तेच हवं असतं.

आता दुसरा अर्धा. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. ज्यांना माहीतच नव्हतं त्यांच्यावर मी कसलंच ओझं ठेवणार नाही. बायका लपवतात, आणि फार हुशारीने लपवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या दर दहा विवाहित बायकांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसली होती. महाराष्ट्रात साधारण चारांत एक. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त जणींनी कधी कुणाकडे मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्या थोड्यांनी मदत मागितली, त्यांतल्या सर्वांत जास्त आपल्या माहेरच्यांकडे गेल्या. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदीच थोड्या. म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी ती तुमच्या ओट्यावर येऊन बसलेली असते. तिने जे दार वाजवलं ते तुमचं होतं. जबाबदारी म्हणते ती एवढीच, पण ती कमी नाही.

दार वाजल्यावर काय होतं ते मी वीसेक वर्षं पाहते आहे. आई पहिल्यांदा विचारते, "तू काय बोललीस त्याला?" वडील गप्प होतात. मग मामा, लग्न जमवणारे मध्यस्थ, गावातले एकदोन वजनदार लोक अशी बैठक बसते. सासरची मंडळी येतात, चहा होतो. जावईबापू खाली मान घालून "चुकलं" म्हणतात. कुणीतरी वडीलधारं म्हणतं, घरोघरी मातीच्या चुली, भांड्याला भांडं लागायचंच. तिला बोलावतात ते शेवटी, नमस्कार करायला. मग नवीन साडी, नारळ, तांदूळ, ओटी भरून रवानगी. मी अशा बैठकांना बसले आहे, म्हणून सांगते: मुलाला "परत हात लावलास तर काय होईल" हे स्पष्ट शब्दांत विचारलेलं मी फार क्वचित ऐकलं. तिला मात्र "आता नीट नांद" हे प्रत्येक वेळी सांगितलं गेलं.

त्या बैठकीतून तो काय शिकतो, विचार करा. हिच्या माहेरचे येतात, चहा पितात आणि हिला परत माझ्याकडे सोडून जातात, एवढंच. पुढचा मार पहिल्यापेक्षा निर्धास्त असतो.

हे लिहिताना मी कुठल्या उंच ओट्यावर उभी नाही. लहानपणी आम्ही चाळीत राहायचो. दोन खोल्या सोडून रात्री आवाज सुरू झाले की माझे वडील रेडिओ मोठा करायचे. माणूस अत्यंत सज्जन. त्या काकू सकाळी नळावर आल्या की आई त्यांच्या बादलीला आधी जागा द्यायची, आणि त्याविषयी चकार शब्द काढायची नाही. आमच्या अख्ख्या मजल्याची माया त्या बादलीपुरती होती.

जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुणीचा मृत्यू झाला, तेव्हा लग्नाला चारच महिने झाले होते. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयात वाचली गेली. खालच्या न्यायालयांनी पतीला दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही म्हणून त्याची मुक्तता केली. त्या निकालाची चर्चा इथे करायची नाही. मला आठवतं ते नारी समता मंचाचं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी ते घेऊन महाराष्ट्रात फिरल्या. बायकांनी बोलावं म्हणून पुढे मंचाने केंद्र काढलं, त्याचं नावच 'बोलते व्हा'. चाळीस वर्षांनंतर मला त्याला एक जोड द्यावीशी वाटते: ऐकते व्हा. कारण थोड्या का होईना, बायका बोलायला शिकल्या आहेत. गेल्या काही वर्षांत जी-जी प्रकरणं गाजली, त्यांपैकी कितीतरींत मुलीने घरी सांगितलेलं होतं.

आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहतच नाही. पुढे खटला उभा राहिला की आरोपीचा वकील आईला पहिला प्रश्न हाच विचारतो: एवढा छळ होत होता तर तेव्हा तक्रार का केली नाही? पाच वर्षांचं मौन एका मिनिटात आरोपीच्या बाजूने बोलू लागतं. नांदती मुलगी बदनाम होऊ नये म्हणून जे दडवलं, तेच तिच्या मागे तिच्या विरोधात उभं राहतं.

मग करायचं काय? मुलगी आली की आधी जेवू घाला. बाकीच्यांना बाहेर पाठवा. "का" ने सुरू होणारा एकही प्रश्न विचारू नका. "घरी तुला भीती वाटते का?" एवढं विचारा आणि गप्प राहा. ती रडेल, मग म्हणेल, नाही गं, तसं काही नाही. मग पुन्हा दोन महिन्यांनी सांगेल. तिला एक वाक्य आत्ताच सांगून ठेवा, काही घडलेलं नसलं तरी: रात्री दोनला आलीस तरी दार उघडेल, आणि का आलीस ते आम्ही विचारणार नाही.

एक गोष्ट मात्र थेट विचाराच: त्याने कधी गळा दाबला का? थोबाडीत मारणं आणि गळा दाबणं यांना एका मापात धरू नका. गळ्यावर वळ उठतोच असं नाही, पण हा प्रकार पुढच्या जीवघेण्या हल्ल्याच्या सगळ्यांत मोठ्या खुणांपैकी एक मानला जातो. गिळताना दुखतंय, आवाज बसलाय, मध्येच शुद्ध गेली होती असं ती म्हणाली तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टरांना "जिन्यावरून पडले" सांगायचं नाही, नवऱ्याने मारलं असंच सांगायचं आणि तसंच केसपेपरवर लिहून घ्यायचं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं ते याच विचाराने, की मार खाल्लेली बाई ठाण्यात जाईल न जाईल, दवाखान्यात येतेच.

दुसरी धोक्याची वेळ म्हणजे ती घर सोडायचं ठरवते तेव्हाची. "मी चालले" असं त्याला ऐकवून निघू नये. आधी आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांची यादी आणि जमल्यास पावत्या तुमच्याकडे येऊ द्या. उरलेलं सामान आणायला तिला एकटीला परत पाठवू नका, ही चूक फार होते. जीवावर बेतलंय असं वाटलं तर ११२. सल्ला हवा असेल तर १८१. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं, आणि अनेक पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष. या विशेष कक्षांची सुरुवात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात केली.

कायद्याचं थोडक्यात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती तिनेच द्यायला हवी असं नाही; तुम्ही, शेजारी, शाळेतल्या बाई, कुणीही देऊ शकतं. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर खटला होत नाही. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला बाहेर काढता येईल, हा समजही जुना झाला. नवऱ्यासोबत ती जिथे नांदली ते सासू-सासऱ्यांचं घरही 'सामायिक घर' ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. हा हक्क अटींसह आहे, तेव्हा वकिलाला विचारूनच पावलं टाका. निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तारखा त्याहून लांबतात, हे आधीच सांगते. पण तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो.

आता भावांशी दोन शब्द. बहीण कायमची आली की खोलीची अडचण होते, बायको कुरकुरते, आणि मनात कुठेतरी हिश्शाचा विचार येतो. येतो ना? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क द्यायला महाराष्ट्राने १९९४ मध्ये सुरुवात केली आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. तेव्हा "आम्ही तिला ठेवून घेतली" हे बोलणं सोडा. वडिलोपार्जित घर असेल तर ती आपल्या घरात आली आहे.

आणि हे वाचणाऱ्यांत मुलाच्या आयाही असतील. भिंतीपलीकडचा आवाज तुम्हाला माहेरच्यांपेक्षा आधी ऐकू येतो. मधे पडायला अंगात बळ नसेल, तर दार वाजवून "गॅस संपलाय, जरा बघ" एवढं तरी म्हणता येतं. नातवंडं तुमच्याकडे बघत असतात.

ज्यांची मुलगी गेली आहे त्यांनी यातला एकही शब्द स्वतःला मारून घेण्यासाठी वापरू नये. त्या वेळी तुम्हाला जे शहाणपण वाटलं ते पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी मिळून तुम्हाला शिकवलेलं होतं. ते वडील पुढे खटल्याच्या प्रत्येक तारखेला जात राहिले. मधल्या काळात त्यांच्या भावकीतल्या एका मुलीची बैठक ठरली, तेव्हा बोलावलेलं नसताना ते जाऊन बसले आणि म्हणाले, ती आज जाणार नाही. लोकांना राग आला. मुलगी राहिली.

श्रावण जवळ आलाय. पंचमीला लेकी येतील. जेवणं झाली, सगळी लवंडली, की तिला घेऊन मागच्या अंगणात बसा. आणि ओटीचे तांदूळ-नारळ ताटात काढून ठेवायची एवढी घाई करू नका.