रंग देण्याआधी भिंतीला विचारा!

मुलांनो, गणपती गेले, पितृपक्ष सरला की जुन्या घरांतून एक विषय हमखास निघतो : "यंदा दिवाळीआधी घराला रंग काढायचा का?" मग दुकानातून शेडकार्ड येतं. आई म्हणते पिस्ता, ताई म्हणते आकाशी. पण ज्या भिंतीला रंग लागणार, तिला कुणी विचारतं का? चला, आज तिलाच विचारू या.

खूप जुन्या घरात भिंत विटांची किंवा दगडमातीची आणि वरचा गिलावा बहुधा चुन्याचा असतो. या चुन्याची मोठी गंमत आहे. चुनखडीचा दगड भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते चुनकळी. तिच्यावर पाणी घातलं की ती खदखदते. (हे मोठ्यांचं काम, बरं का! डोळ्यांत उडालं तर डोळा जाऊ शकतो.) हा विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो! शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्यावर ती दुधाळ होते ना? तीच ही क्रिया.

अशा गिलाव्याला बारीक बारीक छिद्रं असतात. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते आणि भिंत वाळते. मग पोपडे का येतात? चहात बिस्किटाचं टोक बुडवा. चहा वर चढतो की नाही? तसंच जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं. येताना क्षारही आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा सुटतो. भिंतीवर पांढरी पूड दिसते, तो हाच लोणा. अशा भिंतीवर घट्ट ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवला तर ओलीची वाटच बंद होते. ती आणखी वर चढते आणि पुढच्या पावसाळ्यात नवा रंग पापडासारखा फुगतो. पैसे पाण्यात!

म्हणून आधी दोन परीक्षा करा.

पहिली : भिंतीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी हलकेच टकटक करा. ठणठणीत आवाज आला तर गिलावा पक्का. बद्द, पोकळ आला तर तो भिंतीपासून सुटलाय. तिथे खडूने खूण करा. सुटलेला भाग डोक्याच्या वर किंवा छताला असेल तर त्याखाली उभं राहू नका.

दुसरी : वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. मग फुटलेलं कौल, गळका नळ, तुंबलेली पन्हळ, यांतला चोर शोधा. तो पकडून भिंत वाळेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही.

भिंत वाळली की गवंडीदादा पोकळ भाग काढतात, धूळ झाडतात, भिंत भिजवतात आणि एक भाग चुना, तीन भाग वाळू असा माल पातळ थरांनी लावतात. एक थर घट्ट झाला की दुसरा. वरून दुधासारख्या पातळ चुन्याचे तीन-चार हात. घाई केली की तडे गेलेच म्हणून समजा.

आता आईबाबांनो, हा परिच्छेद खास तुमच्यासाठी. जुनी दारं, खिडक्या, गज यांच्यावरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर अजून दारांवर आहेतच. ते कोरडे घासले की धूळ उडते. ती श्वासातून आणि हातावाटे मुलांच्या पोटात जाते. शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं. लक्ष लागणं, शिकणं यांवर परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून जुना रंग शाबूत असेल तर तो खरवडू नका. खरवडावाच लागला तर पाणी मारून, ओल्या पॉलिशपेपरने घासा आणि घासणाऱ्याला चांगला मास्क द्या. त्या दिवसांत मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. माठ आणि धान्याचे डबे आधीच हलवा. शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आणि मुलांनो, पोपडे नखाने काढायची सवय असेल तर आजपासून बंद! त्याऐवजी वहीत घराचा नकाशा काढा. पोकळ जागा लाल पेन्सिलीने, ओल्या जागा निळ्या पेन्सिलीने रंगवा. शेडकार्ड उघडण्याआधी तो नकाशा बाबांच्या हातात द्या. मग पिस्ता की आकाशी, ते खुशाल भांडून ठरवा!