‘री’ ओढा, पण जपून!

मार्च एंडचा शुक्रवार. आमच्या टीममधली एक मैत्रीण जाम खूश. तिचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि ‘पुढे करणार का?’ असा एचआरचा मेल आला होता. तिने झटकन उत्तर टाइप केलं. ‘पुन्हा सही करायला आनंदाने तयार आहे,’ असं तिला म्हणायचं होतं. ‘री’ आणि ‘साइन’ हे दोन तुकडे तिने सरळ जोडून लिहिले. ‘बघ गं जरा,’ म्हणाली. मी पाहिलं आणि म्हटलं, ‘परफेक्ट! पाठव.’

सोमवारी उत्तर हजर : राजीनामा मिळाला, आयकार्ड आणि लॅपटॉप जमा करावा.

मध्ये एक छोटी आडवी रेघ हवी होती, बॉस! ती नसली की ‘री-साइन’चं ‘रिझाइन’ होतं. बोलताना ‘स’ आणि ‘झ’ने फरक कळतो, मेलमध्ये कोण ऐकणार? नवं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, पण पंधरा दिवस उशिरा. तेवढा पगार बुडाला. ईएमआय मात्र वेळेवर आला.

खरं तर हा ‘री’ आपल्याला अवघड जाऊ नये. लॅटिनमधून आलेल्या या उपसर्गाचे मुख्य अर्थ दोन : ‘मागे’ आणि ‘पुन्हा’. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, ‘परत’! ‘पैसे परत दे’ आणि ‘परत सांग’. घोळ होतो तो जुन्या, घट्ट जोडलेल्या शब्दांत. तिथे ‘री’ वेगळंच काम करतो. तर या आठवड्याचे शब्द :

रिझाइन : मूळ लॅटिन अर्थ शिक्का तोडणं, रद्द करणं. म्हणजे सही करण्याच्या बरोब्बर उलट!

रिझेंट : ‘फाइल पुन्हा पाठवली’ म्हणताना रेघ विसरलात, तर वाचणाऱ्याला दिसतं ‘मला त्या फाइलचा राग आहे’. यातल्या ‘सेंट’चा पाठवण्याशी संबंध नाही, तो ‘जाणवणं’ या अर्थाच्या क्रियापदातून आलाय.

रिव्हर्ट : आपल्याकडे याचा अर्थ ‘उत्तर देणं’. काही इंग्रजी शब्दकोशांनी तो ‘भारतीय इंग्रजी’ म्हणून नोंदवलाही आहे. पण लंडनच्या क्लायंटसाठी रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. त्याला सरळ ‘रिप्लाय’ लिहा. आणि ‘रिव्हर्ट बॅक’ म्हणजे ‘परत परत’. एक परत पुरे!

रिलीव्ह : मूळ अर्थ हलकं करणं, भार उचलणं. रिलीव्हिंग लेटर हातात पडल्यावर जे वाटतं, अगदी तेच.

आणि सब्जेक्ट लाइनमधला ‘री’? तो उपसर्ग नाही आणि ‘रिप्लाय’चा शॉर्टफॉर्मही नाही. लॅटिनमध्ये ‘रेस’ म्हणजे बाब, त्याचंच ते रूप. आपल्या अर्जातल्या ‘विषय :’चा लांबचा भाऊ समजा.

मग लक्षात काय ठेवायचं? ‘पुन्हा’ म्हणायचंय आणि जोडून लिहिल्यावर दुसराच शब्द तयार होतोय, तर रेघ द्या. त्याहून सेफ म्हणजे दुसरा शब्द शोधा.

माझ्या मैत्रिणीने पुढच्या मार्चला तेच केलं. ‘रिन्यू’ लिहून मोकळी झाली. मेल मला दाखवला मात्र नाही!