रिकामी टाकी आणि शेतमजूर

बड्या बागायतदाराच्या आवारातील जुनी डिझेलची टाकी साफ करणे हे किरकोळ काम समजले जाते. तळाशी साचलेले पाणी, गंज आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर वाढणाऱ्या जंतूंचा चिकट गाळ ट्रॅक्टरचा फिल्टर बुजवतो. मालकाला काळजी तेवढीच. म्हणून बादली व चिंध्या देऊन मजुराला आत उतरवले जाते. वास्तविक रिकामी दिसणारी ही टाकी रिकामी नसते. हवेहून जड वाफ तिच्या तळाशी कोंडलेली असते, आणि गंजणारे लोखंड प्राणवायू खात असते.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ ने अशा जागी तपासणीचा दाखला, किंवा श्वसनयंत्र व दोर यांविना प्रवेशास मनाई केली होती, पण कारखान्यापुरती. शेतमजूर कुंपणाबाहेरच राहिला. गाळ तर बाहेरूनही हातपंपाने ओढता येतो! टाकीत न उतरण्याचा हक्क मजुरीच्या मागणीपत्रातच लिहिला पाहिजे.