तंबूतली पहिली रात्र



कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. चार महिने एका स्थानी राहिलेले साधू-साध्वी महाराज पुन्हा विहाराला निघतात, रानातील चिखल वाळू लागतो, हवेत गारवा येतो. नेमक्या याच दिवसांत नवी मुंबईतील आपल्या अनेक घरांत एक नवी मागणी ऐकू येऊ लागली आहे. वर्गातील कुणी मित्र पवना धरणाच्या काठी तंबूत राहून आलेला असतो. सोमवारी शाळेत त्याचे साग्रसंगीत वर्णन होते आणि संध्याकाळी आपला पाच-सहा वर्षांचा चिमुरडा विचारतो, "पप्पा, आपण कधी जायचं?"

घरातील थोरांचे यावर दोन आक्षेप ठरलेले. दादा म्हणतात, "घरी पलंग असताना जमिनीवर झोपायला पैसे कशाला मोजायचे?" आणि बा विचारतात, "तिथे पाणी कुठलं पिणार? रात्री पोराला खायला काय घालणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ते हसण्यावारी न नेता त्यांची उत्तरे शोधली, तर सहलीची निम्मी तयारी तिथेच होते.

दादांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच आठवणींत सापडेल. छ'री पालित संघ काढण्याची आपली परंपरा जुनी आहे. तीर्थापर्यंत पायी चालायचे, दिवसातून एकदाच जेवायचे, जमिनीवर संथारा पसरून झोपायचे, सचित्ताचा त्याग करायचा. ज्या सहा नियमांच्या शेवटी 'री' येते, त्यांत 'पादचारी' आणि 'भूमिसंथारी' हे दोन आहेतच. संघाचा मुक्काम रोज नव्या गावी, मोकळ्या माळावर, तंबूंत पडतो. ज्यांच्या आजी-आजोबांनी अशा संघात रात्री काढल्या, त्या मुलांना तंबू परका कसा म्हणावा? संघयात्रा ही आराधना आणि सहल ही सहल, हा भेद राखावाच. मात्र थोडक्या सामानात, उघड्या आकाशाखाली समाधानाने राहण्याची सवय दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते.

लहान मुलाला एकदम रानात नेऊ नये. स्काऊट-गाइड चळवळीतही लहानग्यांसाठी कब आणि बुलबुल ही निराळी पायरी ठेवली आहे, ती याच विचाराने. पहिली पायरी घरातच ठेवावी. दिवाणखान्यात किंवा सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर तंबू उभारावा आणि एक रात्र तिथे काढावी. मूल मध्यरात्री उठून "माझ्या पलंगावर जायचं" म्हणाले, तर पलंग दहा पावलांवर असतो. दुसरी पायरी कर्नाळ्याची. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गावर हे पक्षी अभयारण्य आहे. सकाळी लवकर जाऊन दुपारपर्यंत परतावे. दगडांच्या वाटेवर मूल किती चालते, झाडाआड लघवीला जायला लाजते का, किडा अंगावर आला तर घाबरते का, हे एका सकाळीत कळते. ही दोन्ही पाऊले नीट पडली, की मग मुक्कामाचा विचार करावा.

पवनेचा जलाशय पुणे जिल्ह्यातील मावळात आहे. द्रुतगती मार्गाने लोणावळा, तिथून दुधिवरे खिंड ओलांडली की पाणी दिसू लागते. भोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना उभे आहेत. त्यांपैकी लोहगड २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. काठावर तंबू भाड्याने देणारे अनेक जण आहेत. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी त्यांना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : तंबू पाण्यापासून किती दूर आहे, शौचालय कुठे आहे, रात्री ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होतो आणि शाकाहारी स्वयंपाकाची भांडी व चूल वेगळी आहे का. व्यापारी माणूस माल न पाहता सौदा करत नाही. मुलाची रात्र ज्या जागी जायची, ती जागाही आधी कुणीतरी पाहून यावी.

आता बांचा प्रश्न. डिसेंबरच्या आरंभी आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो. बहुतेक ठिकाणी जेवण रात्री आठनंतर वाढतात, तेही जाळावर भाजलेल्या पदार्थांचे. म्हणून चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाने जेवणासाठी यजमानावर अवलंबून राहू नये. दुपारी तीनपर्यंत पोहोचावे, साडेपाचला आपले डबे उघडावेत. मेथीचे ठेपले, खाखरे, सुखडी, कोरडी भेळ, मुगाची कोरडी डाळ हे सारे एक दिवस उत्तम टिकते. पाणी घरून उकळून, गाळून स्टीलच्या बाटल्यांत न्यावे. माणशी किती लागते याचा हिशेब आधी करावा, कारण थंडीतही खेळणारे मूल पुष्कळ पाणी पिते. लहान मुलासाठी घरी जी मर्यादा पाळली जाते, तीच तिथे असू द्यावी. परक्या जागी, अंधारात, तहानलेल्या जिवाला पापाची भीती घालून नियम शिकवण्याची ती वेळ नव्हे. मावळतीचे ऊन अंगावर घेत आई-वडिलांसोबत पोटभर जेवलेले मूल 'आपण उजेडात का जेवतो' हे तिथे आपणहून विचारते. थोड्या वेळाने शेजारच्या दिव्याभोवती जमलेले पतंग दाखवले, की उत्तर त्याला समोरच दिसते.

त्याच कारणाने शेकोटीचाही विचार करावा. वाळलेल्या ओंडक्याच्या सालीखाली, पानांच्या ढिगात कितीतरी जीव थंडीपासून आसरा घेऊन बसलेले असतात. उबेसाठी स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि जाड रजई पुरते. तंबूच्या आत कोळशाची शेगडी मात्र कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये. बंद जागेत कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो प्राण घेतो.

पाण्याच्या बाबतीत याहून कडक राहावे. धरणाचा काठ वरून शांत दिसतो, पण खाली चिखलाचा निसरडा उतार असतो आणि तळ एकाएकी खोल जातो. पवनेत पोहता येणारी तरुण माणसेही बुडाली आहेत. खारघरच्या पांडवकड्यावर दर पावसाळ्यात बंदी घालावी लागते, तीही अशाच मृत्यूंमुळे. मुलाकडे लक्ष कोण ठेवणार, हे "सगळे आहोत ना" या भरवशावर सोडू नये. एका वेळी एका मोठ्या माणसाचे नाव ठरवावे आणि मूल त्याच्या हाताच्या अंतरात असावे.

रात्री तंबूची साखळी पूर्ण बंद ठेवावी, बूट आत घ्यावेत आणि सकाळी झटकून घालावेत. मण्यारीसारखा विषारी साप रात्रीच हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावल्याची वेदना कधी कधी जाणवतही नाही. उजेडाशिवाय पाऊल टाकू नये. पुढची चार हात जमीन पाहून चालण्याची ईर्यासमिती आपण मुलांना पाठशाळेत तोंडपाठ करायला लावतो. हातात विजेरी देऊन रानवाटेने नेले, तर ती त्यांच्या पायांना कळते. साप किंवा विंचू दिसला तर मारायचा नाही, मागे सरायचे आणि जाऊ द्यायचे. दंश झालाच, तर बांधाबांध किंवा मंत्रतंत्र न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्पविषावरील लस असलेले रुग्णालय गाठावे. ते कुठे आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवावे.

इतकी सावधगिरी सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग जायचे कशासाठी?

आपल्या व्यापारी घरांतील वडिलांचा दिवस आठवून पाहा. दाणाबंदरातला किंवा मसाला बाजारातला गाळा सकाळी उघडतो. उधारी, आवक, गाड्या, भाव यांत दिवस सरतो. घरी पाऊल पडते तेव्हा मूल झोपलेले असते. आठवड्याच्या सुट्टीला लग्न, पूजा नाहीतर वसुली. मुलाच्या आठवणीत वडील म्हणजे दाराजवळचे बूट आणि कानाला लावलेला फोन. शहरातल्या दिव्यांत अंधारही त्याने पाहिलेला नसतो. तंबूत पहिल्यांदा दिवा मालवला जातो, बाहेर रातकिडे ओरडू लागतात आणि ते लहान हात अंधारात कुणाला तरी शोधतात. त्या वेळी शेजारी वडील असावेत आणि त्यांचा फोन बंद असावा. "घाबरू नकोस" असे सांगण्यापेक्षा "हा आवाज कसला असेल?" असे विचारावे. नंतर तंबूबाहेर सतरंजी पसरून पूर्वेकडे पाहावे. डिसेंबरात आठच्या सुमारास कृत्तिकांचा झुबका वर आलेला असतो, त्याखाली तांबूस रोहिणी आणि क्षितिजावरून चढणारे मृग. नवकार तीनदा म्हणून झोपणाऱ्या मुलाला तो रोजचाच नवकार त्या जागी मोठा आधार वाटतो.

त्या डोंगरांना हे शब्द नवे नाहीत. मावळातल्याच पाले गावाजवळ एका लेण्यात ब्राह्मी लिपीतील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याचा प्रारंभ अर्हंतांना केलेल्या वंदनाने होतो आणि इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी लेणे व पाण्याची पोढी खोदवल्याचे त्यात नोंदले आहे. निवारा आणि पिण्याचे पाणी, एवढेच त्यांनी येणाऱ्यांसाठी ठेवले. मुलाला ही गोष्ट सांगावी आणि सकाळी तंबू आवरताना जागा आपण आलो तेव्हा होती तशीच, एकही कागद मागे न ठेवता, त्याच्याकडूनच स्वच्छ करून घ्यावी.

पहिल्या वेळी एक रात्र पुरे. मूल रडले, झोपले नाही, मध्यरात्री गाडी काढून घरी परतावे लागले, तरी त्याला टोमणा मारू नये. थोड्या दिवसांनी पुन्हा गच्चीपासून सुरुवात करता येते. आणि दादा-बांना शक्य असेल तर बरोबर न्यावे. खुर्ची आणि जाड गादी मिळते. संघातल्या मुक्कामाच्या गोष्टी मुलाला त्यांच्याखेरीज दुसरे कोण सांगणार?