'त्याची वेळ आली होती' हे आपण तरी म्हणू नये!

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका २३ वर्षांच्या मुलाच्या पुण्यानुमोदन कार्यक्रमाला आम्ही बसलो होतो. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत मोटारसायकलवर पार्सल पोहोचवायचे, असा त्याचा दिनक्रम होता. पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा त्याला दिसला नाही. गाडी घसरली आणि मागून डंपर आला. त्रिसरण-पंचशील झाले, भन्तेजींची धम्मदेसना झाली. बाहेर चहा घेताना एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "काय करणार, त्याची वेळ आली होती." चार जणांनी माना डोलावल्या. तो खड्डा किती दिवसांपासून होता, हे कुणीच विचारले नाही.

पोलिसांच्या कागदावर तर आणखी सोपे उत्तर होते : मयत स्वतःच्या मृत्यूस स्वतःच कारणीभूत. डंपर सापडला नाही, खड्ड्याचा उल्लेख नाही, फाईल बंद. एकाने नशिबावर ढकलले, दुसऱ्याने मेलेल्यावर. दोन्हीकडे खरा जबाबदार सुटला.

मित्रांनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला, त्यात नशिबाला जागा नाही. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हा प्रतीत्यसमुत्पाद आपण शिबिरांतून शिकवतो. मग रस्त्यावरच्या मृत्यूपाशी आलो की आपण पुन्हा 'विधिलिखित' कसे मानतो?

कोण मरते आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे होते आणि ३२,८२५ पायी चालणारे. म्हणजे दर शंभर मृतांतले सुमारे ६४ दुचाकीवरचे किंवा पायी जाणारे. चारचाकीत एअरबॅगमागे बसलेला माणूस यात नाही. कामगार, सेल्समन, पार्सलवाले, सकाळी सहाला मेडिकलच्या ड्यूटीवर निघालेली नर्स, एमआयडीसीतून तिसऱ्या पाळीनंतर घरी परतणारा कंत्राटी मजूर, असे लोक यात आहेत. या अहवालात मृतांची जात नोंदलेली नसते, म्हणून आम्ही जातीची आकडेवारी सांगणार नाही. पण आपल्या वस्तीत चारचाक्या किती आणि दुचाक्या किती, हे मोजायला सरकारी अहवाल लागत नाही.

चाळीसगावचा टांगा

रस्ता अपघात हा आंबेडकरी चळवळीचा विषय नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही चाळीसगावची आठवण करून देतो. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीच्या कामासाठी बाबासाहेब खानदेशात होते. चाळीसगाव स्टेशनवरून महारवाड्यात जायचे होते. एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला नाही. बाबासाहेबांना पायी जावे लागू नये म्हणून आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीपाशी घोडा बुजला, चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात त्यांनीच हे लिहून ठेवले आहे.

त्यांनी तिथे नशीब म्हटले नाही. कारणे सांगितली. टांगेवाल्यांचा जातीचा माज हे पहिले कारण. नवखा चालक हे दुसरे. फरशीला कठडा नव्हता, अंतराअंतरावर नुसते दगड होते, हेही त्यांनी नोंदवले. आणि आपली प्रतिष्ठा जपण्यासाठी आपल्याच माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, हेही सांगायला ते कचरले नाहीत. व्यवस्थेचा दोष, रस्त्याचा दोष आणि आपला दोष, तिन्ही त्यांनी मांडले. आज आपणही एवढेच करायचे आहे.

रस्त्यावरची उतरंड

आपल्या रस्त्यावर नियम नाही, उतरंड चालते. ट्रकवाला कारला दाबतो, कारवाला दुचाकीला हॉर्न मारत डिव्हायडरकडे रेटतो, दुचाकीवाला सायकलवाल्याला शिवी देतो, आणि सगळे मिळून पायी चालणाऱ्या म्हातारीवर खेकसतात. वरच्याची लाथ खायची आणि खालच्याला मारायची, ही श्रेणीबद्ध विषमतेची सवय आहे. अर्थात रस्त्यावरची उतरंड म्हणजे जात नव्हे. वाहन बदलता येते, जात बदलता येत नाही. पण जातीने घडवलेले मन घरी ठेवून कुणी गाडी चालवत नाही. समोरचा आपल्या बरोबरीचा माणूस आहे, हे मान्य नसेल तर झेब्रा क्रॉसिंग म्हणजे नुसते पांढरे पट्टे.

'बाईकवाल्यांना शिस्तच नाही' असे काचेआडून बोलणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. हेल्मेट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ड नुसार १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द. मग रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल चुकीची असल्याने माणूस मेला तर? कलम १९८-अ नुसार जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड. तोही किती ठेकेदारांनी भरला, हे आपापल्या तालुक्यात विचारून पाहा. शिस्त फक्त खालच्याने पाळायची, हा न्याय आपल्याला फार जुना माहीत आहे.

आता आपल्याकडे बघू

पण व्यवस्थेला शिव्या घालून आमचे काम संपत नाही. १४ एप्रिलची बाईक रॅली आठवा. एका गाडीवर तिघे, सायलेन्सर काढलेला, डोक्याला निळी पट्टी आणि हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. काहींच्या तोंडाला दारूचा वास. ज्यांनी २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, त्यांच्याच जयंतीला! १ जानेवारीला भीमा कोरेगावला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीला रात्रभर गाडी चालवत, डुलक्या घेत येणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. हे शौर्य नव्हे. पाचवे शील प्रमादापासून दूर राहायला सांगते. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. हायवेवर गाफीलपणाची किंमत आई-बाप मोजतात.

'हेल्मेट ही सक्ती आहे, आमचे स्वातंत्र्य आहे' असे काही जण म्हणतात. २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात आंदोलन झाले, तेव्हा हीच भाषा होती. ज्यांच्याकडे चार पिढ्यांची जमीन-जुमला आहे, त्यांना ही चैन परवडेल. आपल्या घरातला एक शिकलेला, कमावता मुलगा गेला तर अख्खे घर दोन पिढ्या मागे जाते. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. घरात हेल्मेट एकच, ते नवऱ्याच्या डोक्यावर. मागे साडीत एका बाजूला पाय सोडून बसलेली बायको आणि तिच्या मांडीवर मूल, दोघांची डोकी उघडी. समतेच्या गप्पा मारणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या गाडीवर तरी हा पुरुषी हिशेब बंद करावा.

मग करायचे काय?

एक, आयएसआय मार्क असलेली दोन हेल्मेट घ्या, पट्टा लावा. फुटपाथवरची टोपी पोलिसाला फसवते, डांबराला नाही.

दोन, आपल्या मंडळाच्या रॅलीत हेल्मेटशिवाय, ट्रिपल सीट आणि दारू पिऊन कुणालाही घेऊ नका. कार्यकर्ता कितीही जवळचा असो.

तीन, जखमीला उचला. कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. त्याच्यावर खटला भरता येत नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार आहेत, हे रुग्णालयात ठामपणे सांगा.

चार, खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी तिथे मुरूम पडलेला असतो. पंचनाम्यात रस्त्याची अवस्था लिहायला लावा. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. धडकेत मृत्यू झाला असेल तर दावा न्यायाधिकरणात लवकर जा. कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत आहे. धडक देणारे वाहन सापडले नाही तरी मृत्यूसाठी २ लाखांची भरपाई आहे.

पाच, विमा उतरवताना मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण वगळू नका. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, असे असेल तर हे संरक्षण मुलाला लागू होत नाही. हे आपल्या घरोघरी तपासा.

त्या मुलाच्या आईला आम्ही पुन्हा भेटलो. मृत्यूला सहा महिने झालेले नाहीत. खड्ड्याचे फोटो शेजारच्या दुकानदाराच्या मोबाईलमध्ये निघाले, तारखेसह, अपघाताच्या १९ दिवस आधीचे. आता अर्ज तयार होतो आहे. तो ज्येष्ठ उपासकही सही करायला आला. त्याला आम्ही काही बोललो नाही. त्यानेच विचारले, "ठेकेदाराचं नाव कुठं मिळंल?"

हा प्रश्न पुण्यानुमोदनाच्या दिवशीच विचारायला हवा होता. यापुढे विचारू या.

जय भीम! नमो बुद्धाय!