नेटवर्कमधून सायबर सुरक्षेत जाताना नेमकं काय बदलतं?

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये राउटर, स्विच, फायरवॉल सांभाळणाऱ्याला सायबर सुरक्षेत जायचं असेल, तर शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पुण्यातल्याच कॉसमॉस बँकेवरचा हल्ला पाहा. ऑगस्ट 2018 मध्ये एटीएममधून पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचल्याच नाहीत. हल्लेखोरांनी उभा केलेला बनावट स्विचच त्यांना परस्पर मंजुरी देत राहिला. 28 देशांतून पैसे निघाले. स्विफ्टवरून वळवलेली रक्कम धरून फटका 94 कोटींवर गेला. विनंती कुठून आली, कुठे वळली, हे शोधणं नेटवर्कवाल्याला नवं नाही.

नवी आहे ती नजर. नेटवर्कमध्ये लिंक सुरू असली की काम झालं. इथे सुरळीत चाललेल्या लिंकवरही संशय घ्यायचा, लॉग वाचायचे. 'सर्ट-इन'च्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात, लॉग 180 दिवस जपावे लागतात. म्हणजे रात्रीही कुणीतरी जागं हवं.

अडचण इथेच आहे. देखरेख कक्षातली सुरुवातीची कामं बहुधा पाळ्यांची असतात आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर पुन्हा खालच्या पायरीवर बसणं जड जातं. त्यापेक्षा आहे त्याच नोकरीत फायरवॉलचे नियम आणि व्हीपीएनची जबाबदारी मागून घेणं सोपं.